गुलाबाच्या ग्रुपवर सगळेच ॲडमिन

मु. पो. मांडवगण फराटा, ता. शिरूर
भोगी, मंगळवार

तीर्थस्वरूप हरिबा मामांस,

हौशीरामचा साष्टांग नमस्कार. पत्र बघून दचकू नका, आपल्यातलं कोणी गेलेलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? सविताने मोहरीचं तेल लसूण घालून कढवून ठेवलंय, ते सोबत पाठवतो (चोळायचं आहे, मागच्या खेपेसारखं भाकरीवर घेऊ नका). इकडे सर्व मंडळी खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरी खुशाल आमची म्हैस आहे, कारण तिच्याकडे मोबाईल नाही. तुम्हीही स्मार्टफोन नातवाला देऊन बटणाचा फोन घेतलात असं कळलं, म्हणून हा कागद.

मामींचा गुलाब जरा नरम आहे. काळजीचं कारण नाही, सविस्तर पुढे लिहितोच. अनसा मामींनी माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं ते रोप, तुमच्या कुरकुंभच्या दारात वाढलं, आणि त्याच्याच एका फांदीवरून तुम्ही मला माझ्या अंगणात झाड करून दिलंत. तुमच्या दारातलं मूळ झाड रस्ता रुंद करताना गेलं, हे मला दिवाळीत तुमच्या कंपनीतल्या धम्मदीपकडून कळलं. (तुम्ही स्वतः सांगितलं नाहीत, याचा मला थोडा रागच आला होता, मामा. सख्ख्या भाच्याला परक्याकडून कळावं?) तेव्हा आता जगात आहे तो एवढाच. पण त्याआधी ग्रुपचं सांगतो, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. राग आला की मला पहिल्यापासून सांगावं लागतं. लॉकडाऊनमध्ये आपण 'गुलाबप्रेमी शिरूर-दौंड' काढला तेव्हा अकरा जण होतो. तुम्ही, मी, वेल्डिंगवाला पप्पू, पाबळच्या सायली मॅडम, तुमच्या कंपनीतला धम्मदीप आणि असेच चारदोन येडे. उसाच्या गावात गुलाब लावणाऱ्याला लोक काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या थोरल्या चुलत्यांनी तर भर पारावर विचारलं होतं, "त्ये खात्यात का त्येची मोळी बांधत्यात?" त्यामुळे ग्रुपवर आलं की आपल्या जातीची माणसं भेटल्यासारखं वाटायचं. सकाळी कोणी पानाचा फोटो टाकावा, आणि तुमची पहिली पाळी सुटली की तुम्ही त्याच फोटोवर बोटाने गोल काढून लिहावं, 'हितनं छाट.' बस्स. कंपनीची बाग बत्तीस वर्षं सांभाळलेल्या माणसाने दोन शब्द लिहिले की बाकी कोणी बोलायचं नाही. नियम करायचा विषय निघाला तेव्हा मीच म्हणालो होतो की चार शहाणी माणसं आहेत, नियम कशाला. ते वाक्य मी आता विहिरीत तोंड घालून परत घेतो.

घात झाला तो ॲडमिनच्या मानावरून. पप्पूला फोनमधलं कळतं म्हणून मी त्याला ॲडमिन केलं. दुसऱ्या दिवशी दगडोबा (आमच्या खालच्या आळीचा चुलतभाऊ, गुलाब एक, तोही कागदी, टीव्हीवर ठेवलेला) दारात हजर. म्हणाला, "त्यो वेल्डिंगवाला ॲडमिन, आन् मी सोसायटीचा माजी व्हाइस चेअरमन, मी नुसता मेंबर व्हय?" आता मामा, आपल्याकडे लग्नाची पत्रिका कशी छापतात? साठ नावं प्रेषकात, ऐंशी नावं निमंत्रकात, आणि ज्याचं राहिलं तो मांडवात येऊन जेवत नाही. मी विचार केला, इथे कागदाचा खर्च नाही, शाईचा नाही, कशाला कोणाला दुखवा. दगडोबाला केलं. मग दगडोबाला केलं म्हणून त्याच्या विरोधी पॅनेलच्या माणसाला केलं. मग बायकांमधून कोणी नाही म्हणून सोजराबाईंना केलं. महिनाभरात जेवढे मेंबर तेवढे ॲडमिन झाले. मला त्याचा अभिमान होता, हे लिहायला आता हात धजत नाही. मी लोकांना सांगत फिरायचो की एवढी समता कुठल्या ग्रुपवर नाही.

समता अशी की जो तो आपापली माणसं आत घालू लागला. पंचायतीच्या निवडणुकीत विश्वजीतने (सरपंचांचा पुतण्या, कपाळावर गॉगल) एका दुपारी सत्तर जण घातले. संध्याकाळपर्यंत विरोधी पॅनेलने नव्वद घातले. बहुमत पाहिजे ना, गुलाबात.

एकदाच मी धीर करून एकाला काढलं. रोज प्लॉट विक्रीच्या जाहिराती टाकायचा, नाव नाही, नुसता नंबर. तो निघाला सविताच्या मावसबहिणीचा दीर. पुढच्याच महिन्यात त्यांच्यात लग्न होतं. टॉवेल-टोपीचा आहेर सुरू झाला, माझ्या डावीकडच्याला मिळाला, उजवीकडच्याला मिळाला, ज्या माणसाने मला मोटरसायकलवरून आणून सोडलं होतं त्यालाही मिळाला. माझं नाव माईकवरून पुकारलंच नाही. सविता आठ दिवस माझ्याशी फक्त म्हशीमार्फत बोलत होती. शेवटी त्या प्लॉटवाल्याला परत घेतलं, ग्रुपवर जाहीर दिलगिरी टाकली, आणि मानाने ॲडमिन केलं. त्या दिवसापासून कोणी कोणाला काढत नाही. कोण कुठून सोयरा निघेल सांगता येत नाही.

आता ग्रुपवर काय चालतं ते ऐका. पहाटे साडेचारला शुभ सकाळ सुरू होते. त्यावर बोलायची सोय नाही, कारण शुभ सकाळच्या प्रत्येक फोटोत गुलाब असतो. बोललो तर सगळे म्हणतात, विषयाला धरूनच आहे. निळा गुलाब, दवबिंदू, वर सुविचार. दगडोबाने तर विचारलं होतं की ही निळी जात कुठल्या नर्सरीत मिळते, आणि तिघांनी तीन नर्सऱ्यांचे पत्ते दिले. त्यानंतर साहेबांचे वाढदिवस, कांद्याचे भाव, हरवलेलं पाकीट, सापडलेलं पाकीट (वेगळं), विकाऊ गीर गाय, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली', ज्याच्याखाली गेलेला माणूस कोण हे न बघता शंभर जण हात जोडतात. सायली मॅडमनी एकदा काळ्या ठिपक्यांच्या रोगावर सुंदर लिहिलं होतं, फोटोसकट. त्याखाली विश्वजीतने फ्लेक्सचं डिझाईन टाकून 'कसं वाटतं' विचारलं. एकशे बारा जणांनी 'नाद खुळा' लिहिलं. मॅडमनी कोणाला काही न बोलता ग्रुप सोडला. मग धम्मदीप. तोही गप्प गेला. मग गेल्या श्रावणात तुम्ही. त्या दिवशी विश्वजीतने साहेबांच्या सत्काराचे पस्तीस फोटो टाकले होते, त्यालाच कंटाळून गेलात असं आम्ही सगळे धरून चाललो. जाणती माणसं भांडत नाहीत मामा, उठून जातात, आणि मागे राहतात ते माझ्यासारखे.

तर गुलाब. डिसेंबरात मावा दिसला म्हणून मी निंबोळी अर्क फवारला, एवढंच. आठवड्याने नवी पानं पिळवटायला लागली. पानाचं पान राहिलं नाही, चिंचोळी, सुतळीसारखी, शेंडे वाकडे. तुम्ही नव्हता म्हणून मी तो फोटो ग्रुपवर टाकला, 'कृपया जाणकारांनी सांगावे' असं लिहून. दोनशे चौदा उत्तरं आली. त्यात एकशे सत्तर जणांनी 'सुंदर' लिहिलं. बाकीच्यांत कोणी म्हणालं व्हायरस, कोणी म्हणालं जस्त कमी पडलं, सोजराबाईंनी लिहिलं, "नदर लागली आसंल, काळी भावली बांधा." दगडोबाने उसाचा डोस सांगितला, युरिया, तोही ओंजळीने. एकाने ताक आणि हिंग. प्लॉटवाल्याने जागाच बदला म्हटलं, आणि जागेचा फोटो टाकला.

मी सगळं केलं. आधी ताक-हिंग ओतलं, मग भीती वाटून पाणी ओतलं, मग युरिया टाकला, मग बाहुली बांधली. सविता भाकरी थापता थापता बघत होती. म्हणाली, "ग्रुपला इचारताय, एकदा मामांना जाऊन इचारा की. त्या झाडानं तुमचं काय घोडं मारलंय?" मी तिला सांगितलं की मामा ग्रुपवर नाहीत. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी लिहू शकत नाही.

तेव्हा मामा, हात जोडून विनंती अशी की तुम्ही ग्रुपवर परत या. नातवाकडून फोन घ्या, मी लगेच आत घेतो आणि लगेच ॲडमिन करतो. तुमच्या एका शब्दाने लोकांना वळण लागेल. नाहीतर नवीन ग्रुप काढू, फक्त आपण अकरा जण. (दगडोबाला कळलं तर बारा.) घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांगावं. चूकभूल पदरात घ्यावी.

तुमचा भाचा,
हौशीराम

ता. क. वर ग्रुपबद्दल जे लिहिलं ते सोडून द्या. ग्रुप मरू दे. गुलाब नरम नाही, वाळलाय. खोड अर्ध्यापर्यंत काळं पडलं, काल मी मधून चिरून बघितलं. बुंध्याजवळची एकच फांदी हिरवी आहे, बोटाएवढी, ती फवाऱ्यातून सुटली असावी. तिच्यावर चार डोळे आहेत, कोंब फुटायच्या जागा. बाजूचा तुकडा तोडून मातीत लावून बघितला, तोही काळा पडला. तुम्ही येऊन गावठी गुलाबाच्या खुंटावर डोळे भरून कलम केलंत तरच मामींचा गुलाब राहील. खुंट तयार आहे, दोन वर्षांचा, साल मोकळी सुटते.

आणखी ता. क. तुम्ही म्हणाल तासाभराच्या रस्त्याला पत्र कशाला. दोनदा आलो होतो. कुरकुंभच्या चौकात चहा प्यायलो आणि माघारी फिरलो. कारण सांगतो. पान कशाने पिळवटतं ते सापडतंय का, म्हणून गेल्या आठवड्यात मी ग्रुपवरचे तुमचे सगळे जुने मेसेज वाचत मागे गेलो. तुमचा शेवटचा मेसेज श्रावणातला होता. लांब होता म्हणून फोनने अर्धाच दाखवला होता, आणि पूर्ण उघडायला जिथे दाबावं लागतं तिथे मी तेव्हा दाबलं नव्हतं. या वेळी दाबलं. तुम्ही लिहिलं होतं, "हौशा, रस्तावाल्यांनी आज अनसाचा गुलाब उपाटला. मी पाळीवर हुतो. आता फकस्त तुझ्याकडंच हाय त्यो. उसाच्या तणनाशकाचा पंप त्याच्याजवळ नेऊ नगंस, कितीबी धुतला तरी नेऊ नगंस. येगळा पंप ठेव. जप त्येला."

मी निंबोळी अर्क उसाच्याच पंपाने फवारला, मामा. तीन दिवस आधी त्यात तणनाशक होतं. तांब्याभर पाण्याने खळबळून घेतला होता. व्हायरस नाही, जस्त नाही, नजर नाही, मी आहे.

आणि तुमच्या त्या मेसेजखाली पहिलं उत्तर माझंच आहे. सत्काराचे पस्तीस फोटो वर होते, त्यांना जे पाठवत होतो तेच तुम्हालाही पाठवलं. 'हार्दिक अभिनंदन मामा, असेच यश मिळत राहो.' त्याच्यानंतर चार मिनिटांनी तुम्ही ग्रुप सोडलाय. विश्वजीतला मी पाच महिने शिव्या घालत होतो.

शेवटचं. डोळा मीच भरून बघितला असता, पण मला येत नाही. माझं झाड करताना तुम्ही दीड तास बसून शिकवलं, तेव्हा मी हाताने काही केलं नाही, व्हिडिओ काढत होतो, ग्रुपला दाखवायला. काल तो शोधून काढला. खाली शंभरच्या वर लोकांनी 'छान माहिती' लिहिलंय. व्हिडिओ उघडत नाही, फोन म्हणतो आता मिळणार नाही. धम्मदीपला आज साप्ताहिक सुट्टी आहे, तो हे पत्र घेऊन तुमच्या दारात उभा असेल. त्याच्या गाडीचं मागचं सीट रिकामं आहे. चाकू घेऊन या. चार डोळे आहेत, तीन तुम्ही भरा, एक माझ्याकडून भरून घ्या. या खेपेला फोन मी सविताकडे देऊन बसतो.