सड्यावरचं पाणी

मु. करंबळवाडी, ता. चंदगड
४ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरा हाय. तुझी आई गेल्यापासून भाकरी थापायला शिकलोय. गोल न्हाय होत, पण पोटात जाऊन कोण बघतंय?

परवा डोंगरावरच्या पठारावर, आपल्या सड्यावर, होणाऱ्या बॉक्साइटच्या खाणीची जनसुनावणी झाली. खाणवाल्यांच्या अहवालात लिवलंय, सड्यावर बारमाही झरा न्हाय. मी उठून इचारलं, मग मे महिन्यात आमची जनावरं काय पित्यात? अधिकाऱ्यांनी हरकत लिहून घेतली. पण पोरांना नोकऱ्या मिळणार, म्हणून गाव चिडलाय. तीस वर्षं मी एसटी चालवली नि हंबीररावानं तिकिटं फाडली. त्यानंच भर मांडवात मला खाली बस म्हटलं. तवापासून पारावर माझ्याशेजारी कुणी बसत न्हाय.

अहवालाच्या शेवटी पाणी तपासणाऱ्यांत तुझं नाव हाय. कुणाला दाखवलं न्हाय. तूच लिवलंस काय?

माया हाय तशीच हाय.
आप्पा

राजारामपुरी, कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस शि. सा. न.

गेल्या मे महिन्यात मी झऱ्याचं पाणी मोजलं, बारमाही म्हणून नोंदवलं. परतताना गाडी आपल्या दारावरून गेली. तुम्ही खाणीबद्दल विचाराल या भीतीनं मी उतरले नाही.

अहवालाच्या मसुद्यात आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी झरा नाही असं केलं. मला दिसलं, तरी मी सही केली.

अंतिम अहवालात तुमच्या हरकतीला उत्तर द्यावंच लागतं. त्याआधी माझ्या मूळ नोंदी मी मंजुरी देणाऱ्या समितीकडे पाठवल्या आणि साहेबांनाही तसं सांगितलं. काल साहेबांनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. माझं नाव लपवू नका, आप्पा.

रागावलात तरी लिहीत राहा.
आपली संयोगिता

करंबळवाडी
२ ऑगस्ट २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

समितीनं मंजुरी रोखली. पाण्याचा अभ्यास वर्षभर नव्यानं करा म्हणाली. पारावर मी सांगून टाकलं, खरी नोंद माझ्या लेकीची. एकेक जण उठून गेला.

हंबीररावाचा पोरगा सम्राट खाणीतल्या नोकरीच्या आशेवर हुता; आता गोव्याला कामाला गेलाय. हंबीररावही एकटाच पडला. काल त्याच्या दारात गेलतो. आत ये म्हटलं न्हाय, पण दार बी लावलं न्हाय. मी पायरीवर बसलो. बऱ्याच येळानं चहाचे दोन कप घेऊन आला. एक माझ्याकडं सरकवला. आज मी परत त्याच्याकडं जातोय.

तू मात्र ये. दारावरून पुढं जाऊ नकोस.

तुझा
आप्पा