आप्पांच्या हातातलं केळं

लीड्स, रविवार

ती. आईस नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळा नमस्कार.

आप्पा आणि मी सेरेंगेटीहून सुखरूप परतलो. नजर पोचेल तिथवर वाळकं गवत आणि झेब्र्यांचे कळपच्या कळप! एक सिंह तर आमच्या जीपच्या सावलीत येऊन झोपला. तू हवी होतीस.

एक सांगायचं राहिलं. एक रानहत्तीण जवळ आली, तर आप्पांनी खिडकीबाहेर हात काढून तिच्यापुढे केळं धरलं, आपल्या देवळातल्या लक्ष्मी हत्तिणीपुढे धरायचे तसं. ती कान फुलवून अंगावरच आली. ड्रायव्हरने जीप रिव्हर्स घेतली म्हणून वाचलो. कुणाला खरचटलंही नाही.

पण आई, ते तिला "लक्ष्मी, ये" म्हणत होते. लक्ष्मी जाऊन बारा वर्षं झाली ना? शेवटचा हार आप्पांनीच घातला होता.

घरीही असं काही होतं का? लपवू नकोस. फोनवर ते शेजारीच असतात, म्हणून लिहितेय. हॉस्पिटलमध्ये मी रोज दुसऱ्यांच्या वडिलांना विचारते, आज वार कोणता. आप्पांना विचारायचा धीर होत नाही.

आज जेवताना म्हणाले, "लक्ष्मीनं केळं खाल्लं का गं?"

मी हो म्हणाले.

तुझी,
वरदा