लेकीचं लाल कुलूप

५ जानेवारी
लेक आज साबणाच्या कारखान्यात गेली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष — सहा महिने प्रत्यक्ष काम करायचं, कॉलेजचाच नियम. मी म्हटलं होतं, ऑफिसातलं माग. तिनं मशीनवरचं मागितलं! बापाची लेक.
हे कागदाच्या गिरणीत होते. रोलर पुसायला आत वाकले आणि पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. तेव्हा ही तिसरीत होती.
आज डबा भरताना हात थांबला. बस, एवढंच.

८ जानेवारी
धाकटे भाऊजी येऊन गेले. "वहिनी, घरातला एक गेला ते पुरे नाही का? पोरीला खुर्चीवरचं काम बघा." एरवी त्यांचं बोलणं या कानानं ऐकते, त्या कानानं सोडते. आज माझ्या मनातलंच बोलले.

१९ जानेवारी
काल तिला स्वतःचं कुलूप मिळालं. लाल. तिथली रीत अशी — मशीनमध्ये उतरण्याआधी प्रत्येकानं मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. सगळी कुलपं निघाल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. "साहेबांनासुद्धा माझं उघडता येत नाही, आई!"
मी भांडी घासत राहिले. आज ती गेल्यावर तिचं पुस्तक काढलं, त्यात तो धडा आहे. आकृती कळली, मजकुराला दुपार गेली. एवढी साधी गोष्ट!

२ फेब्रुवारी
जेवायला बसलो आणि फोन. ती कुलूप न काढताच घरी आली होती. साबण ढवळायची मोठी टाकी तेव्हापासून बंद! तिचा चेहरा पांढराफटक. मीही चप्पल घातली. एकटी कशी सोडू?
वाटलं, दारातच बोलणी बसतील. स्विचपाशी घोळका उभा. फोन लागेपर्यंत दोघं बॅटरी घेऊन टाकीत उतरले होते, हिला शोधायला.
तिला काम शिकवणारे मिस्त्री मला म्हणाले, "कुलूप कापता येतं हो, बाई. पण जिचं कुलूप, ती समोर दिसल्याशिवाय आम्ही हात लावत नाही." मग तिला — "काय गं, आम्हाला वाटलं साबणात विरघळलीस!"
सगळे हसले. ती रडली.
 एका पोरीसाठी एवढी माणसं खोळंबली. ह्यांच्यासाठी एकानं जरी आत वाकून बघितलं असतं!

३ फेब्रुवारी
म्हणते, "परत नाही जायचं. कुठल्या तोंडानं जाऊ? इंजिनिअरिंग माझं कामच नाही." मला हवं होतं ते आपसूक पदरात पडत होतं. मग घास का उतरेना?

४ फेब्रुवारी
मिस्त्रींचा फोन. "नवीन मुलं आलीत. कुलूप कसं विसरतात ते त्यांना तूच सांग. तुझ्याइतकं कुणाला माहीत?"
शिव्या घालत गेली. पण गेली.

२८ जून
मुदत संपली. साहेबांनी नोकरी देऊ केली — ऑफिसात नकाशे काढायची, नाहीतर टाक्यांच्या देखभालीची. तिनंच निवडायची. भाऊजी म्हणाले, "नकाशेच! सुटलो एकदाचे."
ती माझ्याकडे बघत होती. "नकाशेच घेते, आई. तुला झोप तरी लागेल."
बोलताना हसली. हे असेच हसायचे, मन मारताना.

२९ जून
तिला म्हटलं, टाक्यांची घे. माझ्या झोपेचं मी बघीन.