आत्याचा बांध आणि बर्फवाली

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त अर्धाच घातलाय, उरलेला तू आल्यावर). तुझे गुडघे काय म्हणतात? लेकीकडे मन रमतंय ना? जावयाला त्याच्याच घरात चहा कसा करायचा हे शिकवून झालं असेलच. इकडे सगळे खुशाल. आतोबांनी घातलेला बांध जागच्या जागी आहे, काळजी नसावी (त्याबद्दल पुढे). फक्त माझ्या बायकोने मला शिलाईच्या दुकानातून उठवून चिखलात घातलंय, त्याची ही हकिगत.

खाडीत मासा उरला नाही, हे तू गेलीस तेव्हाच दिसत होतं. काठावरची खारफुटी आपणच तोडून चुलीत घातली, मग माशांची पिल्लं वाढणार कुठे? तर आता आपण, पलीकडचे आणि खाडीच्या मुखावरचे, अशा तिन्ही गावांनी मिळून ती पुन्हा लावायची ठरवली. बैठकीत जो तो आपलंच घोडं दामटू लागला आणि शेवटी ज्याने त्याने आपापल्या काठावर आपापली लावावी, असं एकमताने ठरलं. (याला सहकार्य म्हणतात.)

आपल्या काठाची आखणी बायकोने परस्पर माझ्या गळ्यात घातली, कारण सरळ रेघ मारण्यात गावात माझा हात कोणी धरत नाही. ओहोटीला टेप आणि दोरी घेऊन उतरलो. अशा ओळी आखल्या, आत्या, की सदऱ्याच्या बटणपट्टीने लाजावं! अगदी पाण्याजवळचा चिखल मऊ, रोप हाताने रुततं, म्हणून सगळी रोपं तिथेच लावली. लोकांनी उभं राहून वाहवा केली. मग भरती आली. सकाळी बघतो तर बटणंही नाहीत आणि काजंही नाहीत.

रोपं गेली कुठे? पलीकडे! तिथे त्या बर्फवालीने (हो, तीच, बर्फाच्या कारखान्याची मालकीण, जिचं नाव काढलं की तू पुढचं ताट सरकवतेस) वाहून आलेली वेचून लावूनही टाकली होती. आम्ही भांडायला होडी काढली. वाटेत मी चांगले ठेवणीतले टोमणे पाठ केले. उतरून बघतो तर रोपं वरच्या अंगाला, जिथे भरतीचं पाणी नुसतं भेटून जातं तिथे, वाटेल तशी वाकडीतिकडी लावलेली, आणि सगळी ताठ उभी! बाई गुडघाभर चिखलात, पदर खोचून खेकड्यांना शिव्या घालत होती. मला म्हणाली, "शिंपीदादा, समुद्राला मापाचे कपडे शिवायला निघालात होय?" ठेवणीतले टोमणे ठेवणीतच ठेवून मी पायजमा खोचला आणि चिखलात उतरलो.

आत्या, रागाव हवं तर, पण त्या बाईपुढे हात जोडावेसे वाटले. निम्मी रोपं तिने परत दिली, वर स्वतःची माणसं घेऊन आपल्या काठावर लावायला आली. मुखावरच्यांनी लाटा मोडायला बांबूचे कूड घातले. आता आज या काठावर, उद्या त्या, असे सगळे एकत्र राबतात, भांडतात आणि पुन्हा राबतात. परवा रोपांच्या मधून बोटाएवढी पिल्लं पळताना दिसली. बर्फवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी वाऱ्यावर ढकललं.

लोभ असू दे. रागही असू दे, पण पत्र पुरतं वाचून झाल्यावर.

तुझा भाचा

ता.क. पत्राचं खरं कारण हे: आतोबांच्या बांधामुळे आत भरतीचं पाणी येत नाही आणि तुझ्या जमिनीवर लावलेली रोपं सुकायला लागलीत. अडलेलं पाणी पलीकडे आदळतं, बर्फवालीचा काठ खचतो. तुमचं वैर त्याचंच. बांध मधोमध थोडासा उघडला तर दोन्ही काठ वाचतील. आतोबांच्या हातची ती शेवटची खूण, हे मला ठाऊक आहे, म्हणून तर एवढा चिखल तुडवून मुद्द्यावर आलो. तू हो म्हटल्याशिवाय कोणी हात लावणार नाही.

ता.क. २. बर्फवाली झंपर शिवायला टाकायला आली होती, तिने हे माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणते, "असं कागदावर विचारतात होय? त्यांच्या माणसाने घातलेले दगड. पहिला त्यांनीच काढायचा. नसेल काढवत तर नको, माझा काठ मी बघेन."

ता.क. ३. तुला स्टँडवर घ्यायला तीच येणार आहे, बर्फाच्या गाडीतून. मी नको म्हटलं, ऐकत नाही. स्वेटर घालून ये.