कादंबरीतली मोलकरीण

४ जानेवारी

सुनेला तिची जागा दाखवायची वेळ आलीच होती! दर शनिवारी आम्ही चौघीजणी माझ्या दिवाणखान्यात जुन्या कादंबऱ्या वाचतो — एकेकीने एकेक पात्र घ्यायचं. या खेपेच्या कादंबरीत एक मोलकरीण आहे. तिचं ते गावंढळ बोलणं ऐकून हसून हसून पुरेवाट होते. ती सुनेला दिली! "हिची आई धुणीभांडीच करते, हिला शिकवावं लागणार नाही," म्हटलं. डॉक्टरीणबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. सून फक्त "बरं, आई" म्हणाली. घुमी आहे.

५ जानेवारी

चिरंजीव तोंड फुगवून जेवले. फुगू दे.

११ जानेवारी

घात झाला.

मोलकरणीवर चांदीच्या वाटीचा आळ येतो, तो प्रसंग. सून वाचते कशी, तर बातम्या दिल्यासारखी! कुणी हसेना. माझा पारा चढला. "अगं, गळा काढ जरा! आण इकडे —" म्हणत तिच्या हातातलं पुस्तक ओढलं. "न्हाई बाईसाहेब, म्या न्हाई घेतली!" सगळ्या खो खो! मीही रंगात आले. पुढचं आपोआप येत गेलं — "माझी झडती घ्या. पोरीची बी घ्या. फ्राक काढ गं, दाखव त्यांना —"

डॉक्टरीणबाई आपल्या प्रतीची पानं उलटायला लागल्या. "पोरगी कुठली? हिला मूलबाळ कुठाय कादंबरीत?"

मी हातातलं पान बघितलं, तिथं पोरगी नव्हतीच. तेवढ्यात सून — "ही प्रत जुनी आहे. तुमच्या आवृत्तीत गाळलंय ते." साफ खोटं! पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलंसुद्धा. बायकांना पटलं. मग चहा झाला.

१२ जानेवारी

वाटी माझ्या आईने घेतली नव्हती. मीही नाही. दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांच्याच कपाटामागे सापडली.

नवऱ्याला सांगितलं होतं, आईवडील लहानपणीच गेले. आई तेव्हा चांगली जिवंत होती. तो मरेपर्यंत त्याला पत्ता लागू दिला नाही मी! आणि हिने एका वाक्यात ओळखलं. वर उपकार करून ठेवला! कपबशा विसळताना माझ्याकडे बघत होती. कीव — माझी, माझ्याच घरात!

१५ जानेवारी

मुलाला सांगितलं, वेगळं घर बघा. "तिने केलं काय?" "डोक्यावर बसायला लागलीय." एवढा मोठा घोडा, पण रडला. मी वर्तमानपत्र उघडलं.

२ फेब्रुवारी

गेले. टेम्पो भरला, मुलगा निरोप न घेताच खाली उतरला. सून दारात थांबली. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि हळूच — अगदी माझ्या आईच्या बोलीत —

"आता कुनाशी बोलायचं तुमी?"