वाइकोरारीच्या पाटीची बैठक

वाइकोरारी
(उत्तराच्या पाकिटावर मात्र बार्कलीच लिही, नाहीतर मला पोचायचं नाही)
१० ऑगस्ट १९८८

ती. मेरेआनाताईस,
तुरोआचा सा. न. वि. वि.

माझ्या पाठीमागे गाणं उभं राहिलं नाही, त्या क्षणी माझं सगळं बदललं. काल, मंगळवारी, कौन्सिलच्या हॉलमध्ये, सगळ्या गावासमोर. हाना आत्या तुला फोन करेलच, म्हणून म्हटलं आपली बाजू आपणच आधी मांडावी.

विषय पाटीचा. गावाच्या तोंडाशी 'बार्कली' लिहिलंय, त्याच्यावर 'वाइकोरारी' लिहा, एवढंच आपल्या लोकांचं मागणं. बार्कली खोडा असंही कुणी म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी सरकारने आपली भाषा सरकारी केली, तेव्हा इहायाकाकांना वाटलं आता मागायला हरकत नाही. हॉल खच्चून भरला होता. मेंढ्यांच्या लिलावाला येत नाहीत इतके गोरे पाटी अडवायला आले होते.

पहिले उठले प्रिंगलसाहेब, कुंपणाच्या तारा-खुंट्यांच्या दुकानाचे मालक आणि कौन्सिलचे सभासद. म्हणाले, त्यांचा कुणावर राग नाही, त्यांचे कितीतरी मित्र माओरी आहेत (कोण ते सांगितलं नाही), पण उद्या ॲम्ब्युलन्सवाल्याला नाव वाचता आलं नाही आणि एखादं मूल दगावलं तर जबाबदार कोण? मागून एकजण ओरडला की मग चिनी भाषेतही लिहा, चिप्सचं दुकान त्यांचंच आहे. हशा. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांनी हे गाव जंगलातून उभं केलं, त्याआधी इथे काही नव्हतंच. काही नव्हतं! आपली अख्खी रांग त्या बाईंच्या समोर बसली होती, ताई.

पहिल्या रांगेत प्रिंगलसाहेबांची मुलगी ग्लेनिस होती. निळा स्वेटर. चिन्यांचा विनोद झाला तेव्हा ती हसली नाही, हे मी नीट पाहिलं.

मग काका उठायला लागले. त्यांचं उठणं तुला माहीत आहे, आधी काठी, मग गुडघा, मग दम. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की म्हातारा उभा राहीपर्यंत चहाचं आधण ठेवा. माझं डोकंच फिरलं. मी काकांच्या आधी उठलो. अगोदर आपल्या भाषेत बोललो, मग इंग्रजीत. म्हणालो, तुमचा बार्कलीसाहेब इथे एक रात्र राहिला, आमच्या पणजीच्या हातचं डुक्कर चापलं, नकाशावर स्वतःचं नाव लिहिलं आणि गेला तो पुन्हा फिरकला नाही. म्हणालो, प्रिंगलसाहेब, सॉसच्या बाटलीवरचं, लिहायला एक आणि म्हणायला एक असलेलं वूस्टरशर ज्यांना रोज वाचता येतं, त्यांना वाइकोरारीच कसं जड जातं?

भाषण झकास झालं. मग मी थांबलो. बोलणाऱ्याचं संपलं की मागे आपल्या बायका उठणार, गाणं म्हणणार. त्याशिवाय ते बोलणं आपल्या लोकांचं ठरतच नाही, हे मी तुला काय सांगू. मी वाट बघत उभा. कुणी उठेना. हाना आत्या मांडीवरच्या पर्सकडे बघत बसली. काका परत खाली बसले होते. गोऱ्यांना वाटलं पोरगा पुढचं विसरला. कुणीतरी सावकाश टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का? काका उठले नाहीत. पुढची बैठक तीस तारखेला, त्या दिवशी मत घेणार.

घरात काका माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तर कुत्र्याला सांगतात. माझी चूक काय झाली, तूच सांग.

माझ्यावरची माया या पत्रानंतरही शिल्लक ठेव.
तुझा,
तुरोआ


सिडनी
१७ ऑगस्ट

चि. तुरोआ यास,
आशीर्वाद द्यावा की कानफटात, हे पत्र संपेपर्यंत ठरवते.

आत्याचा फोन तुझ्या पत्राआधीच आला. ती रडत होती. तिने सांगितलं की तिच्या ओठांवर गाणं आलं होतं, तिने ते गिळलं. आणि तू विचारतोस चूक काय झाली! बाबांचा मोठा भाऊ समोर बसलेला असताना तू तोंड उघडतोस? बाबा असते तर तेही उठले नसते. तुला कायद्याच्या पुस्तकात हे सापडलं नाही म्हणावं, तर ती पुस्तकंही तू अर्धीच वाचलीस.

आणि कॉलेज भाषेसाठी सोडलं, ही गोष्ट इतरांना सांग. मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. तू वेलिंग्टन सोडलंस ते त्या टपाल खिडकीतल्या ग्लेनिसपायी. आठवड्यात इतकी तिकिटं कोण विकत घेतो रे? मला तर महिन्यात एक पत्र येतं.

खरं सांगू? मला त्या पाटीचं फारसं काही नाही. इथे बिस्किटांच्या कारखान्यात सगळ्या मला मेरी म्हणतात. पहिल्या दिवशी मुकादमाने विचारलं, सोपं नाव काय, मी सांगून टाकलं. घरी आल्यावर आरशात बघायला नको वाटलं, मग सवय झाली. पाटी झाली काय आणि न झाली काय, मी मेरीच राहणार. पण काकांचं तसं नाही. त्यांनी तीस तारखेला बोललंच पाहिजे आणि त्यांच्या मागे गाणं झालंच पाहिजे. ते तू बिघडवलंस, तूच निस्तर. प्रेमात आंधळा हो, बहिरा नको होऊस.

आशीर्वाद देते. कानफटात उधार.
तुझी,
ताई


वाइकोरारी
१८ ऑगस्ट

चि. तुरोआ यास,
इहायाकाकांचे अ. आ.

तू भिंतीपलीकडे रेडिओ लावून बसला आहेस. तोंडाने बोललो तर राग येईल, म्हणून टपालाने कळवतो. आवाज कमी कर.

आमचा सगळ्यात थोरला भाऊ होता तोवर मी सभेत बोललो नाही. तो गेला तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. मला त्याची खंत नाही. मी इतकी वर्षं ऐकलं, म्हणून बोलायचं काय ते कळलं.

तू गोऱ्यांना टाकून बोललास याचा मला राग नाही. सॉसचं मला आवडलं, ते मी वापरणार आहे. पण तू माझ्या पुढे उठलास तेव्हा त्यांना दिसलं की यांच्यात मोठं-धाकटं राहिलेलं नाही. असल्या लोकांच्या नावाला कोण किंमत देईल?

तीस तारखेला माझ्या मागच्या रांगेत बस. बोलायचं नाही. माझं संपलं की हाना उठेल, तिच्याबरोबर उभा राहा आणि गाणं म्हण. तुझा आवाज फाटका आहे, चालेल. खुर्ची धरून ठेवतो. तू आला नाहीस तर ती रिकामी राहील.

जिव्हाळा आहे तोच आहे, दाखवता येत नाही.
तुझा काका,
इहाया


बार्कली
२४ ऑगस्ट

प्रिय टेरी,

कसा आहेस? मी मजेत. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला ये. बाबांना मी किती दिवस मनवत होते, शेवटी ते तयार झाले. म्हणाले, पोरगा तापट आहे पण कामाचा दिसतो, दुकानात हाताखाली माणूस हवाच आहे. तू फक्त त्या दिवशीचं एकदा सॉरी म्हण. आईने भाजलेलं कोकरू करायचं ठरवलंय, तुला रताळी आवडतात म्हणून तीही.

तुझ्या काकांचं पत्र मला परत करावं लागलं, रागावू नकोस हं. पाकिटावर गावाचं नावच नव्हतं, नुसतं ते तुमचं नाव. कुणाचं ते मला ठाऊक होतं, पण नियम म्हणजे नियम. अपुऱ्या पत्त्याचा शिक्का मीच मारला, पण हळू मारला.

आहेस तसाच लाडका राहा, जरा शांत हो म्हणजे झालं.
तुझी,
ग्लेनिस


वाइकोरारी
२८ ऑगस्ट, दुपारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा तुझा राग आला. काकांनीही मला पत्र धाडलं. एकाच घरातून निघालेलं पत्र त्याच घरात परत आलं, वर 'अपुरा पत्ता' असा शिक्का. काकांनी ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. आत्या म्हणाली, हे पत्र फ्रेम करून कौन्सिलात लावा. शिक्का ग्लेनिसचा आहे, ताई. तू हसशील, पण मी तो बोटाने चाचपून पाहिला. खरंच हळू मारलाय.

आज तिच्याकडे जेवायला जातोय. सॉरी म्हणणार आहे. मी म्हणतो, एक शब्द माझ्या खिशातून गेला तर माझं काय जातं? आणि मंगळवारी काकांच्या मागे बसणारच आहे. दोन्ही जमतं. तुम्हाला उगीच वाटतं की माणसाला एकच काहीतरी मिळतं. काकांचा कोट घातलाय, बाह्या आखूड होतायत.

या येड्यावर तुझा जीव असाच राहू दे.
तुझा,
तुरोआ

ता. क. पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं.

सॉरी म्हणालो. प्रिंगलसाहेब उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला, म्हणाले, शाब्बास टेरी, याला म्हणतात माणूस. मिसेस प्रिंगलनी मला दुसऱ्यांदा कोकरू वाढलं आणि विचारलं की आम्ही घरी काट्या-चमच्याने जेवतो का. ग्लेनिसने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी म्हणालो, हो, रविवारी. सगळे हसले, मीही हसलो. ग्लेनिस इतकी सुंदर दिसत होती की मला अजून दहा वेळा सॉरी म्हणता आलं असतं.

मग पुडिंग आलं आणि प्रिंगलसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, त्यांना माझ्याकडून भाषण नको, सहीसुद्धा नको. मंगळवारी मी फक्त त्यांच्या बाजूला बसायचं, पहिल्या रांगेत, ग्लेनिसच्या शेजारी. लोक बघतील की आपल्यातल्या शिकल्यासवरल्या पोरांनाही हे वेड मान्य नाही. बुधवारपासून दुकानात यायचं, एप्रन तयार आहे, वर टेरी शिवलेलं आहे. मी ग्लेनिसकडे पाहिलं. तिला आधीपासून माहीत होतं. ती म्हणाली की खुर्चीच तर आहे, टेरी, इथे बसलं काय आणि तिथे बसलं काय.

मी तिला विचारलं, मग तू येशील का आमच्या बाजूला बसायला? काकांच्या मागच्या रांगेत, माझ्या शेजारी?

ती हसली, ताई. वाईट हसली नाही. आपण घोड्याला टोपी घातलेली बघून हसतो ना, तशी. तिला वाटलं मी गंमत करतोय. म्हणाली, त्यांच्यात? सगळं गाव काय म्हणेल?

त्या दिवशी चिन्यांच्या विनोदाला ती हसली नव्हती, म्हणून इतके दिवस मी खूश होतो. तिचा चेहरा तेवढा मी पाहिला होता. बसली कुठे होती ते पाहिलंच नव्हतं.

मी पुडिंग संपवलं, कारण ते मिसेस प्रिंगलनी केलं होतं. उठलो. प्रिंगलसाहेबांनी विचारलं, कुठे निघालास टेरी? मी म्हणालो, वाइकोरारीला. ते म्हणाले, अरे, तिथेच तर बसला आहेस. बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा उतरला, आणि तेव्हा कुणी हसलं नाही. ग्लेनिसने दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा टेरी म्हणून. तिसरी हाक काय येते म्हणून मी दाराशी थांबलो. आली नाही. मी बाहेर पडलो आणि दार माझ्यामागे लावून घेतलं.