भगुने या टोपणनावाचा शाही उगम

२ डिसेंबर, मंगळवार
ठरलं. ऋतिकाच्या साखरपुड्याच्या आत आपल्या घराला चिकटलेलं 'भगुने' हे टोपणनाव उपटून काढायचं. मुलीचा बाप रिटायर्ड हेडमास्तर आणि अख्खं बोरी गाव त्याला भगुने म्हणतं! भगुनं म्हणजे कालवणाचं पातेलं. शिसारी येते. झरीचे पाहुणे शिकलेले आहेत, त्यांच्या कानावर हे जाता कामा नये.
उपाय शास्त्रीय. गावातली टोपणनावं आणि खाण्याचे शब्द यांच्या उगमावर पुस्तिका. त्यात सिद्ध करणार की तुर्की 'बेग' म्हणजे सरदार, त्यावरून बेगुणे, त्यावरून भगुने. म्हणजे आमचे पूर्वज निजामाच्या फौजेत असणार. पुरावा तेवढा बाकी आहे. शुभदा म्हणाली, आधी हॉल बुक करा. बायकोला रिसर्च कळत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार
फील्डवर्क सुरू. पहिलं घर आश्रुबाचं. त्याच्या घराला 'इंजिन' का म्हणतात? म्हणे, बापानं गावात पहिलं ऑइल इंजिन आणलं. इतकं साधं कारण असूच शकत नाही. लिहून घेतलं नाही.
चहात माशी पडली. आश्रुबानं बोटानं काढली आणि कप पुढे केला, "घ्या की वो सर, काय व्हतंय?" आपल्याकडे नुसतं 'नको' चालत नाही. उपवास सांगा, साबुदाणा भिजत घालतात. घाई सांगा, डब्यात बांधून देतात. फक्त आजारपण चालतं. म्हणालो, पोट बिघडलंय. तात्काळ सुटका. ही मेथड सगळीकडे वापरणार.

१२ डिसेंबर, शुक्रवार
तीच घाण, दुसरं घर. हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, पुढे आलं. रंग नाल्याचा, वर जाड साय. शब्दाचा उगम विचारला तर बाई म्हणते, सासू माडगं म्हणायची म्हणून माडगं. पोट बिघडलं. पुढच्या घरी धपाटी. थापणारीनं त्याच हातानं नाक पुसलं. पोट बिघडलं. त्याच्या पुढच्या घरी ताटात आधी कोंबडी जेवून गेली होती. पोट फारच बिघडलं.
शिवाय ती भाषा! "काय करायलाव?" "कामून आलाव?" "लय दिसानं." कान किटले. उद्यापासून रोज दहा घरं करायची.

१३ डिसेंबर, शनिवार
विश्रांती.

२० डिसेंबर, शनिवार
दगडाबाईकडे गेलो. गावात तिच्याहून म्हातारं कोणी नाही. ती म्हणाली, "तुझा आजा पंगतीत बसला की भगुनंच मांडीपाशी वढून घ्यायचा. वाढप्याला हात लावू द्यायचा न्हाई." म्हातारीची मेमरी गेली आहे. सरदार माणूस स्वतः वाढून घेईल का?
एक मात्र चांगलं. मी काही सांगायच्या आतच म्हणाली, "तू काई खाऊ नको बाबा, नुसता बस." समजूतदार बाई.

४ जानेवारी, रविवार
यश! आता कोणीच भगुने म्हणत नाही. खात्री करायला स्टँडवर तासभर उभा राहिलो. एकदाही नाही. उलट मी जरा झपाझप चाललो की लोक बाजूला होऊन वाट देतात. आश्रुबानं डाळिंबाची वाळलेली साल पाठवली, कोणी ओवा पाठवला. विद्वानाची कदर उशिरा का होईना, होते. पुस्तिका लिहायची गरजच उरली नाही. ऋतिका काहीतरी सांगायला आली होती. म्हटलं, कार्यक्रम होऊ दे.

१८ जानेवारी, रविवार
साखरपुडा झाला. माईकवर सटवाजी. गावातलं कुठलंही कार्य तोच पुकारतो आणि टोपणनावानंच पुकारतो, नाहीतर माणूस कोण ते कळत नाही. भरल्या हॉलमध्ये म्हणाला, "मुलीचे वडील, जुलाब सर, स्टेजवर या. घाई न्हाई, सावकाश या."
कोणी हसलं नाही. हेच सगळ्यात वाईट. झरीचे व्याही धावत आले आणि मला दंडाला धरून वर घेऊन गेले. पंगतीत सगळ्यांना येसराची आमटी, भात, बुंदी. माझ्या पानात ताक-भात. व्याह्यांनी मुद्दाम सांगितलं होतं म्हणे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
जेवणानंतर ऋतिका जवळ आली. डोळे भरलेले. म्हणाली, "बाबा, आता झरीत मला जन्मभर जुलाब सरांची पोरगी म्हणतील. भगुने काय वाईट होतं हो?" पोरीच्या डोळ्यांकडे बघवेना.

२० जानेवारी, मंगळवार
सकाळी शब्दकोश काढला. जुलाब: मूळ फारसी गुलाब. गुलाबपाणी! छापील पुरावा! बेगचा मिळाला नव्हता, याचा एका झटक्यात मिळाला. अत्यंत सुगंधी, खानदानी शब्द आहे. ऋतिकाला सांगितलं. ती उठून आत गेली.
कोश काखेत मारून थेट सटवाजीचं घर गाठलं. गावाचा माईक त्याच्या हातात, तेव्हा सुधारणा तिथूनच व्हायला हवी. पान उघडून दाखवलं, मोठ्यानं वाचलं, फारसी उच्चारासकट. सटवाजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान डोलावली. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "सर, घरापस्तोर दम निघंल का? न्हाईतर आमच्याकडं सोय हाय की."